मधपेटी आणायच्या आधी हे वाचा: विदर्भात सातेरी माशी टिकवायची कशी

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे फोन सुरू होतात. भाऊ, पेटी आणली, आठ दिवस माशा मस्त होत्या, आज सकाळी पाहतो तर पेटी रिकामी. मी विचारतो पेटी ठेवली कुठं, तर टिनाच्या शेडखाली. पाणी कुठं आहे, तर विहिरीवर आहे ना. शेजारच्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, फवारा कधी मारला, तर ते काही माहीत नाही. बहुतेक वेळा माशीत खोट नसते, कामाचा क्रमच उलटा झालेला असतो. लोक पेटी आधी घेतात आणि बाकीचं मग बघू म्हणतात, पण पेटी ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे. माझ्याकडं वरूडकडच्या पट्ट्यात संत्र्याची बाग आणि तुरीचं वावर आहे, पहिल्या वर्षी माझ्याही दोन पेट्या अशाच गेल्या, म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट पक्की करा, कोणती माशी पाळताय ते. आग्या आणि फुलोरी या दोघी उघड्यावर एकच पोळं लावतात, त्या पेटीत राहत नाहीत, कोणी कितीही सांगितलं तरी नादी लागू नका. पेटीत राहते ती सातेरी, म्हणजे झाडाच्या ढोलीत, जुन्या भिंतीत, वारुळात एकाआड एक पोळी लावणारी आपली माशी, आणि दुसरी मेलिफेरा म्हणजे बाहेरून आलेली. मेलिफेराला पेट्या घेऊन फुलोऱ्यामागं गावोगाव फिरावं लागतं, साखरही जास्त लागते, तो पूर्ण वेळेचा धंदा आहे. शेतीसोबत दोन-चार पेट्या ठेवायच्या असतील तर सातेरी बरी. हा लेख सातेरीचाच आहे.

१. वही घेऊन एक किलोमीटरचा फेरा मारा

सातेरी साधारण एक ते दीड किलोमीटरपर्यंत चरते. पेटीच्या चहूबाजूंनी एक किलोमीटरच धरलं तरी पावणेआठशे एकर होतात. म्हणजे तुमचं वावर पाच एकराचं असेल तर माशी बाकी सगळी दुसऱ्यांच्या वावरात चरणार. हे डोक्यात बसलं की पुढच्या निम्म्या चुका होत नाहीत.

फेरा मारताना बारा महिन्यांचे बारा रकाने पाडा आणि कोणत्या महिन्यात काय फुलतं ते लिहा. आमच्याकडचा हिशोब असा: ऑक्टोबर-नोव्हेंबरला तूर, पऱ्हाटी, धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची रानफुलं. डिसेंबर-जानेवारीला मागास तूर, जवस, मोहरी, बियाला सोडलेला सांभार म्हणजे कोथिंबीर. जानेवारी संपता संपता ते फेब्रुवारी आंबिया बहाराचा संत्रा, करडई, शेवगा, आंब्याचा मोहर, आणि बुलढाण्याकडं कांद्याचं बी. मार्च-एप्रिलला कडुनिंब, करंज, जांभूळ, जंगल जवळ असेल तर मोह, हिरडा, अर्जुन. मे जवळपास कोरडा. जून-जुलैत मृग बहार असेल तर संत्रा. ऑगस्ट-सप्टेंबरला तीळ, काकडी-दोडक्याचे वेल आणि परागासाठी मका, ज्वारी.

तुमच्या वहीत सलग दोन रकाने कोरे दिसले तर तेवढे दिवस साखरपाणी द्यावं लागणार हे आत्ताच समजा. सलग चार कोरे असतील तर त्या जागी पेटी ठेवू नका, मामाच्या नाहीतर सासऱ्याच्या वावराचा फेरा मारा.

तपासा: नुसतं सोयाबीन आणि हरभरा म्हणजे माशीची सोय झाली असं धरू नका. डोळ्याला वावर हिरवं दिसतं पण माशीला त्यात फार काही मिळत नाही.

२. शेजाऱ्यांशी बोला, पेटी यायच्या आधी

हे काम लोक टाळतात कारण लाज वाटते. पण ज्याच्या पऱ्हाटीत तुमची माशी जाणार आहे त्यालाच माहीत नसेल तर तो बिचारा सकाळी आठला पंप पाठीवर घेणार. घरी जाऊन बसा, चहा घ्या, सांगा की काका, पेट्या आणतोय, फवारणी असली की आदल्या दिवशी एक फोन करा. घेरातल्या मोठ्या वावरवाल्या आठ-दहा जणांचे नंबर वहीच्या मागच्या पानावर पाहिजेत. ज्याच्याकडं काकडी, कारलं, भोपळा, टरबूज, कांद्याचं बी असेल त्याला तर स्पष्ट सांगा की यात त्याचाही फायदा आहे. वेलवर्गात नरफूल वेगळं आणि मादीफूल वेगळं असतं, माशी फिरली नाही तर फळ धरत नाही किंवा वाकडंतिकडं होतं. तो माणूस मग स्वतःहून फोन करतो, हा माझा अनुभव आहे.

कृषी सेवा केंद्रवाल्यालाही विचारून ठेवा की गावात कोणतं औषध जास्त खपतं. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, फिप्रोनिल, प्रोफेनोफॉस ही नावं ऐकली की कान टवकारा, माशीसाठी ही फार घातक.

३. जागा आणि पाणी

दुपारी बारानंतर दाट सावली हवीच. सकाळचं कोवळं ऊन लागलं तर चांगलंच, माशी लवकर कामाला लागते. आंबा, जांभूळ, कडुनिंब असं झाड धुऱ्यावर असेल तर त्याच्याखाली. टिनाखाली नको, आपल्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. पिल्लांच्या कोठ्यात, म्हणजे पेटीच्या खालच्या भागात, माशी ३४-३५ अंश तापमान राखते, बाहेर भट्टी असेल तर सगळ्या माशा पाणी आणण्यात आणि पंख हलवण्यातच खपतात.

संत्र्याच्या दोन ओळींच्या मध्ये पेटी ठेवू नका, फवारा थेट अंगावर येतो. धुऱ्यावर ठेवा, तोंड पूर्वेला नाहीतर आग्नेयेला, मागून वारा अडेल असं. एक-दीड फुटाचं लोखंडी स्टँड, चारही पाय पाणी भरलेल्या वाट्यांत, नाहीतर मुंगळे रात्रीत पेटी साफ करतात. पेटी समोरच्या बाजूला किंचित उतरती असावी म्हणजे पावसाचं पाणी आत थांबत नाही. गोठा, खळं, बंडीचा रस्ता, पोरांचं खेळायचं ठिकाण यापासून लांब, आणि पेटीच्या तोंडासमोर दहा-पंधरा फूट मोकळं.

पाणी विहिरीवर असून चालत नाही. उथळ पसरट भांडं घ्या, त्यात गोटे टाका, माशीला उभं राहायला जागा झाली पाहिजे, नाहीतर बुडून मरते. माशा यायच्या आधी आठ दिवसांपासून भरून ठेवा. एकदा त्यांनी शेजाऱ्याच्या ढोरांचं टाकं धरलं की मग तुमच्या भांड्याकडं वळत नाहीत आणि भांडणं सुरू होतात.

थांबा: औषधाच्या रिकाम्या डब्यात किंवा फवारणीच्या बादलीत पाणी ठेवायचं नाही, कितीही धुतली तरी.

४. पेटी आणि सामान

गावच्या सुताराकडून अंदाजानं पेटी बनवून घेऊ नका. फ्रेम म्हणजे पोळं लावायची लाकडी चौकट. फ्रेम आणि पेटीची भिंत, फ्रेम आणि फ्रेम यातलं अंतर मिलिमीटरात ठरलेलं असतं, ते जास्त झालं की माशी मधल्या जागेत आडवी पोळी लावते, मग एक फ्रेम उचलायला गेलं की चार तुटतात आणि राणी चिरडते. सातेरीची पेटी लहान असते, मेलिफेराची मोठी, सातेरी मोठ्या पेटीत घातली तर तिला ती जागा गरम ठेवता येत नाही आणि रिकाम्या कोपऱ्यात मेणकिडा म्हणजे पोळ्याचं मेण खाणारी अळी शिरते. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, मधकेंद्र योजनेत ट्रेनिंग आणि पेट्या अनुदानावर मिळतात, चौकशी जिल्ह्याच्या ग्रामोद्योग कार्यालयात करायची. पुण्याला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथंही ट्रेनिंग होतं. ट्रेनिंग आधी घ्या. अनुदानाची पेटी आली म्हणून घाईत मे-जूनमध्ये माशा भरू नका, पेटी घरात ठेवा, ऑक्टोबरची वाट पाहा.

सोबत जाळीची टोपी, स्मोकर, पोळं सुटं करायची पट्टी, मऊ ब्रश, राणीगेट, राणी धरायची पिंजरी, एक धारदार चाकू एवढं हवं. स्मोकरमध्ये बारदाना किंवा गोवरी जाळा. प्लास्टिक, रबर, रॉकेलचा बोळा अजिबात नाही.

५. माशा आणणं

सोपा रस्ता म्हणजे ट्रेनिंग घेतलेल्या पाळणाऱ्याकडून भरलेली वसाहत घेणं. घेताना पैसे द्यायच्या आधी फ्रेम उचलायला लावा. पोळ्यातल्या घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीहून बारीक उभी अंडी दिसली पाहिजेत, म्हणजे राणी चालू आहे. चार-पाच फ्रेम माशांनी भरलेल्या पाहिजेत. दारात पायाला रंगीत परागाच्या गोळ्या लावून माशा येत असल्या पाहिजेत. यातलं एक जरी नसेल तर घेऊ नका, विकणारा पाव्हणा असला तरी.

दुसरा रस्ता ढोलीतली वसाहत पेटीत घेणं. पहिल्यांदा हे एकट्यानं करू नका, शिकलेला माणूस सोबत पाहिजे. दुपार कलल्यावर जा. थोडा धूर द्या, माशा बाजूला सरकतात, मग पोळी एकेक करून कापा. मधाचा कांदा, म्हणजे पोळ्याचा मध भरलेला भाग, वेगळा काढा, पिल्लांचं पोळं तेवढं फ्रेमला सुती दोऱ्यानं किंवा केळीच्या सोपटानं बांधा. वरची बाजू वरच राहिली पाहिजे, उलटं बांधलेलं पोळं माशी स्वीकारत नाही आणि ही चूक फार लोक करतात. राणी दिसली की पिंजरीत घालून मधल्या फ्रेमला लावा, बाकीच्या माशा तिच्यामागं आपोआप आत येतात. अंधार पडेपर्यंत थांबा, चरायला गेलेल्या माशा परत येऊ द्या, मग दार बंद.

थांबा: यासाठी झाड तोडायचं नाही, ढोलीत आग लावायची नाही. आग्याच्या पोळ्याला तर हातच लावू नका, ते शिकलेल्या माणसांचं काम आहे.

६. नेणं आणि पहिले आठ दिवस

पेटी रात्रीच न्या, दाराला जाळी लावून, फ्रेम हलणार नाहीत अशा घट्ट बसवून. जागेवर ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटं शांत राहू द्या, मग दार उघडा.

अंतराचा नियम पाठ करा: एक तर दोन-तीन फूट, नाहीतर दोन-तीन किलोमीटर. एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यावर दोनशे फूट पेटी हलवली की चरून आलेल्या माशा जुन्या जागी घिरट्या घालत मरतात. ढोलीतून धरलेली वसाहतही म्हणूनच दोन किलोमीटरपेक्षा जास्त लांब न्यावी.

राणी पिंजरीतून सोडल्यावर दाराला चार-पाच दिवस राणीगेट लावा, कामकरी माशा त्यातून ये-जा करतात, राणी अडते. पण राणी नवी, अजून नराशी न मिळालेली असेल तर गेट लावू नका, तिला एकदा बाहेर उडावंच लागतं.

साखरपाण्याची वाटी ठेवण्यापुरतं झाकण सोडलं तर या आठ दिवसांत पेटी उघडायची नाही. पोरांना दाखवायला नाही, पाव्हण्याला दाखवायला नाही, फोटोला नाही. रोज संध्याकाळी आत एक वाटी साखरपाणी, एक भाग साखर एक भाग पाणी, वर दोन काड्या तरंगत. बाहेरून फक्त दार पहा, पराग येतोय ना. येत असेल तर वसाहत बसली.

७. पेटी उघडून पाहणं

आठ-दहा दिवसांनी एकदा, जास्त नाही. थंडीत नऊ ते अकरा, उन्हाळ्यात आठच्या आत. पावसात, सुसाट वाऱ्यात नाही. अंगाला अत्तर, डोक्याला वासाचं तेल नको. पेटीच्या समोर नाही, बाजूला उभं राहा. दारात दोन-तीन फुंका धूर, मिनिटभर थांबा, मग झाकण.

फ्रेम नेहमी उभी धरा. नवं पोळं आडवं केलं की स्वतःच्या वजनानं गळून पडतं, गरमीत तर नक्कीच. काय बघायचं: अंडी आहेत का, वरच्या पट्टीत मध आहे का, पोळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत का म्हणजे मेणकिडा, आणि खालच्या कडेला शेंगदाण्याएवढी लोंबती घरं आहेत का. ही लोंबती घरं राणीची. पेटी गच्च भरलेली असताना ती दिसली तर अर्धं कुटुंब फुटून जायच्या तयारीत आहे, लगेच दुसऱ्या पेटीत वाटणी करा. नराच्या घराच्या टोपणाला मधोमध बारीक भोक असतं, ते पाहून किडा लागला म्हणून घाबरू नका.

राणी दिसलीच पाहिजे असा हट्ट नको. अंडी दिसली की राणी आहे, झाकण लावा.

डंख बसला तर काटा लगेच नखानं खरवडून काढा. त्या जागेला पिकल्या केळासारखा वास येतो, तो वास दुसऱ्या माशांना बोलावतो, म्हणून तिथं धूर द्या आणि बाजूला व्हा. ओठ सुजले, दम लागला, अंगभर गांधी उठल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, १०८ ला फोन करा, सरळ दवाखाना.

८. फवारणीचा दिवस

माझ्या मते विदर्भात माशी टिकणं न टिकणं इथंच ठरतं. फुलोऱ्यात फवारणी टाळा. टाळता येत नसेल तर सूर्य मावळल्यावर करा, माशा परतल्यावर. बागेत खाली तण फुललेलं असेल तर फवारणीच्या आधी कापून टाका, वर संत्र्याला फूल नसलं तरी माशी खाली तणावर असते आणि सगळं औषध ठिबकून तिथंच पडतं. हे कोणी सांगत नाही म्हणून जोर देऊन लिहितोय. पाच औषधं एका टाकीत मिसळून मारायची सवय सोडा.

शेजाऱ्याचा फोन आला तर आदल्या रात्री दाराला जाळी लावा, पेटीवर ओला बारदाना, आत साखरपाणी आणि पाणी. थंडीच्या दिवसात एक दिवस बंद चालतं. उन्हाळ्यात दिवसभर कोंडू नका, गुदमरून आणि उकडून मरतात, तेव्हा पेटी रात्रीतून दोन-तीन किलोमीटर लांब नेणंच बरं.

तपासा: दारासमोर मेलेल्या माशांचा ढीग, जीभ बाहेर आलेली, काही थरथरत गोल फिरताहेत, म्हणजे विषबाधा. ताजं पाणी आणि साखरपाणी लगेच द्या, परागानं भरलेली पोळी संशयास्पद असतील तर काढून टाका, रात्री पेटी हलवा.

परागीकरणासाठी म्हणून पेट्या आणत असाल तर पिकाला पाच-दहा टक्के फूल उघडल्यावर आणा. आधी आणल्या तर माशी दुसऱ्याच फुलाला सोकावते आणि तुमच्या पिकात येत नाही.

९. मध काढणं

खालचा कोठा पिल्लांचा, त्यातलं एक पोळंही कापायचं नाही. वरच्या मधाच्या कोठ्यातल्या फ्रेम बघा, पाऊण भाग मेणानं बंद झाला असेल तरच काढा. उघड्या घरातला मध कच्चा असतो, पाणी जास्त, महिनाभरात आंबतो. मधात पाणी २० टक्क्यांच्या आत हवं. यंत्रात फिरवून काढा म्हणजे पोळं शाबूत राहतं आणि परत पेटीत देता येतं. पिळून काढलेल्या मधात पिल्लं आणि पराग दोन्ही उतरतात, आणि माशीला नवं पोळं बांधायला पुन्हा पहिल्यापासून मध खर्चावा लागतो.

मधाचा कोठा लावला की साखरपाणी बंद म्हणजे बंद. नाहीतर ती साखरच कोठ्यात भरली जाते आणि तुम्ही ती मध म्हणून विकता. मध गाळून काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, उन्हात नाही, गॅसवर उकळायचा तर नाहीच. थंडीत गोठला तर भेसळ नाही, कोमट पाण्यात बरणी ठेवा. विकायचा असेल तर एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करून घ्या. एक वर्षाच्या आतल्या लेकराला मध चाटवू नका.

किती काढायचा हा प्रश्न सगळे विचारतात. मी मार्चनंतरचा मध पेटीतच ठेवतो. मे महिन्यात बाहेर काही नसतं, आणि एप्रिलला पेटी रिकामी करणाऱ्याची माशी मेमध्ये जाते.

१०. मे आणि पावसाळा

एप्रिलच्या मध्यापासून पेटीवर तुराट्यांचा मांडव घाला, दुपारी झाकणावर ओला बारदाना, पाण्याचं भांडं दिवसातून दोनदा भरा. माशा दाराबाहेर दाढीसारख्या लटकत असतील तर आत उकाडा आहे, झाकणाखाली बारीक काडी ठेवून हवा द्या.

जून ते सप्टेंबर खरी परीक्षा. पाऊस लागला की माशी बाहेर पडत नाही. दोन-तीन दिवसांआड संध्याकाळी साखरपाणी, पेटीच्या आतच, बाहेर एक थेंबही सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माशा लुटायला येतात. गूळ किंवा काकवी नको, माशीला हगवण लागते. माशा ज्या फ्रेमवर नाहीत त्यांवरची रिकामी पोळी काढून घ्या, मेणकिडा नेहमी रिकाम्या पोळ्यातून सुरू होतो. तळपाट आठवड्याला झाडा, कचरा पेटीखाली न टाकता लांब नेऊन जाळा. दार अरुंद करा म्हणजे गांधीलमाशी आत घुसत नाही.

सप्टेंबर संपता संपता तुरीला कळी दिसली की साखरपाणी हळूहळू कमी करा, आणि ज्या सकाळी दारात पिवळा पराग सलग येताना दिसेल त्या दिवशी वाटी बाहेर काढा.